आधीच पडलेली कळी

"तयार?" फोनवरून रिसबूडकाकांनी विचारलं. "मी तीन म्हटलं की दोन्हीकडे बटण दाबायचं."

"तयार," मी म्हणाले.

पुण्यात काकांच्या टेबलावर एक जुना कौस्तुभ कॉम्प्युटर होता आणि इथे, वेंगुर्ल्याच्या अलीकडे खाडीकाठच्या एका घरात, आमच्यापुढे दुसरा. काकांनी तीन म्हटलं आणि इक्बालभाईंनी बटण दाबलं. जुना टीव्ही आधी नुसताच गुरगुरला, मग सावकाश उजळला. पडद्यावर देवाचा पाषाण, त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी आणि खाली एक ओळ: प्रश्न लिहा. मी 'चाचणी' असं लिहून एंटर दाबलं.

"माझ्याकडे उजवी पडली," काका म्हणाले.

आमच्याकडे डावी पडली. मी तसं सांगितलं.

"डावी? नीट बघा सुनेत्राताई."

"काका, उजवं-डावं कळतं मला."

पलीकडे काकांनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

कौस्तुभ हा आपल्याकडे ऐंशीच्या दशकात निघालेला घरगुती कॉम्प्युटर. पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात तो बनायचा, आणि तीन-चार वर्षांत कारखान्याला कुलूप लागलं. मी शाळेत असताना याच मशीनवर पहिलं बटण दाबलं होतं, आणि ते भूत काही मानगुटीवरून उतरलं नाही. माझ्यासारखे आणखी सहा जण भेटले. मी कोल्हापूरला पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होते, इक्बालभाईंचं सांगलीत औषधांचं दुकान होतं, रिसबूडकाका निवृत्त इंजिनिअर. बंद पडलेले कौस्तुभ चालू करायचे, त्यांचे जुने प्रोग्रॅम वाचायचे, त्यांतल्या चुका काढायच्या आणि दर खंडेनवमीला सगळ्यांच्या दुरुस्त्या एकत्र करून नवी आवृत्ती बाहेर काढायची, हा आमचा उद्योग. माझा नवरा म्हणायचा, एवढं लक्ष घरातल्या मिक्सरकडे दिलंस तर तो तरी चालेल.

आमच्यात नियम एकच कडक होता, जोडचाचणी. हाताखालून गेलेलं प्रत्येक मशीन काकांच्या मशीनबरोबर एकाच वेळी लावायचं आणि दोन्हींनी अगदी तेच दाखवलं तरच ते पास करायचं. चाचणीसाठी आम्ही 'कौल' नावाचा प्रोग्रॅम वापरायचो. कोकणात देवाला कौल लावतात, तसाच. देवाच्या अंगावर दोन बाजूंना कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता मशीन कसला कौल देणार? ते पोटातल्या एका ठरलेल्या यादीतून उत्तर काढतं, आणि मशीन नव्याने लावलं की यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उजवा, डावा, डावा, उजवा. कुठल्याही गावातलं कुठलंही मशीन असो, पहिल्या प्रश्नाला उजवा येणार म्हणजे येणारच. आम्हाला ही यादी पाढ्यासारखी पाठ होती. जे व्हावंसं वाटतं ते पहिल्यांदा विचारा, अशी आमची थट्टा चालायची. कुणीतरी अधूनमधून म्हणायचं, ही खोड काढून टाकू. काका काढू द्यायचे नाहीत. कौल मधुसूदन परबांनी असा लिहिलाय, तर असाच राहील, म्हणायचे.

आणि आम्ही बसलो होतो ते घर त्याच मधुसूदन परबांचं. कारखाना बंद पडल्यावर ते स्वतःचं मशीन घेऊन गावी आले आणि पुढे वर्षा-दोन वर्षांत गेले, एवढंच आम्हाला माहीत होतं. घरात आता त्यांची बहीण शेवंतीआत्ये एकटीच राहायची. शेजारच्या राऊळांची सून मनाली, तिने आमचा एक व्हिडिओ पाहून फोन केला होता. "आत्येचं मशीन बंद पडलंय, आणि बंद पडल्यापासून आत्ये धड जेवत नाहीये," ती म्हणाली होती. मशीनचा आणि जेवणाचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. खुद्द कौल लिहिणाऱ्याचं मशीन हाताळायला मिळणार, या आनंदातच मी होते.

दुपारी आम्ही पोचलो तेव्हा मशीनसमोर जमिनीवर दोन पाट मांडलेले होते. मी डावीकडच्या पाटावर बसायला गेले, तर शेवंतीआत्ये लगबगीने पुढे आल्या. ठेंगण्या, सुकलेल्या, डोळे मात्र लख्ख.

"त्या पाटार नको गो बाय. ह्या पाटार बस."

मी उजव्या पाटावर बसले. इक्बालभाई बिचारे जमिनीवरच. मशीनला वीज पुरवणारा आतला भाग जळला होता, तो त्यांनी तासाभरात बदलला. मग आम्ही काकांना फोन लावला, आणि पहिल्याच प्रश्नाला डावा आला.

"पुढचे विचारा," काका म्हणाले.

आम्ही विचारत गेलो. आमच्याकडे डावा, डावा, उजवा. काकांकडे उजवा, डावा, डावा, उजवा.

"हे एक घर पुढे चाललंय ओ," इक्बालभाई म्हणाले. "पहिली कळी आधीच पडलीया. म्हंजे आपल्या आधी कुणीतरी एक प्रश्न विचारून बसलंय."

"कोण विचारणार? आत्ता तर लावलं."

बंद करून पुन्हा लावलं. तेच. इक्बालभाईंनी कौल ज्या चिपमध्ये असतो ती काढून सोबत आणलेली आमची चिप बसवली. तरी तेच. मला गंमत वाटत होती, खरं सांगते. अशी बारीक खोड शोधण्यात जी मजा आहे ती सणाच्या जेवणात नाही.

"पयलो तो विचारता," दारातून आवाज आला. शेवंतीआत्ये चहाचं आधण ठेवून उंबऱ्यावर येऊन उभ्या होत्या. "मगे माजी पाळी."

"कोण, आत्ये?"

"मधू."

त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मी नुसतं हसून मान हलवली. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, म्हणून सोडून दिलं. डावीकडचा पाट मात्र मी जरा लांब सरकवला, मुकाट्याने.

इक्बालभाईंनी मला गप्प राहायची खूण केली आणि मशीन पुन्हा लावलं. टीव्हीचा पडदा अजून काळाच होता, तेवढ्यात मशीनमधून बारीक आवाज आला. टक. कौलमध्ये कळी पडली की असा आवाज होतो.

"ऐकलं? पडदा उजळायच्या आतच कळी पडती. म्हणून आपल्याला दिसत नव्हतं." त्यांचा चेहरा खुलला. "एंटरचं बटण बघतो. खाऱ्या हवेनं आत गंज धरला असंल. वीज आली की मशीनला वाटतं, कुणीतरी एंटर दाबलं. कोरा प्रश्न, पण मशीनच्या हिशेबी तो प्रश्नच."

बटण उचललं तर खाली खरोखरच हिरवट पूड साचलेली. इक्बालभाईंनी दुकानातून आणलेल्या स्पिरिटने ते चकचकीत पुसलं. मग पुन्हा काका, पुन्हा एक, दोन, तीन. या वेळी टक झालं नाही. पडदा उजळला, मी प्रश्न लिहिला आणि उजवी कळी पडली.

"उजवा," मी ओरडले.

"उजवा," काका पुण्याहून ओरडले. "जमली जोडी! पास. इक्बालभाई, तुम्ही धन्य आहात."

खात्रीसाठी आणखी दोनदा लावून पाहिलं. दोन्ही वेळा उजवा.

शेवंतीआत्यांनी चहा आणला. ऊन कलत आलं होतं. मागच्या दारातून खाडी दिसत होती आणि काठाला, माडाच्या बुंध्याला बांधलेली एक छोटी होडी. होडी जुनी होती, पण नुकतं तेल लावल्यासारखी चमकत होती.

"मशीन एकदम नव्यासारखं झालंय आत्ये," मी म्हणाले. "आता रोज बघा."

"रोजच बगतंय. दिवेलागणीक. मधून शिकवल्यान हा माका. एकच सवाल विचारतंय. मगे जेवतंय."

"काय विचारता?" मी सहज विचारलं.

त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली.

"मधू सांजेक होडी घेवन जायचो. कदी माकाय न्हेयचो. त्या दिसा मी विचारलंय, 'मी येव?' तो म्हणालो, 'आज नको.' होडी परत इली. तो नाय इलो." त्या खाडीकडे बघत नव्हत्या, मशीनकडे बघत होत्या. "म्हणान रोज विचारतंय, 'मी येव?' डावो पडता. बरा, म्हणतंय, आज नको तर आज नको. मगे मी जेवतंय."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"आणि उजवा पडला तर?"

"पडाक नाय अजून कदी. पडलो तर जातलंय." त्या हसल्या. "होडी आसा मा. दरवर्साक तेल लावतंय तिका."

"आणि तो काय विचारतो? मधू?"

"ता माका कसा कळतला? पण टीव्ही बरो होतो तेवा दिसायचा, त्याका रोज उजवोच मेळता. बरा वाटता." असं म्हणून त्या उठल्या. "पाय धुवन येतंय. दिवो लावक होयो."

त्या मागीलदारी गेल्या. मी इक्बालभाईंकडे पाहिलं.

"ताई, आता पहिला प्रश्न त्यांचाच," ते म्हणाले. "आणि पहिल्याला..."

"माहीत आहे."

"रोज उजवा येणार. आजपासनं रोज."

मला भीती वाटली. भुताबितांची नव्हे. मागीलदारी पाण्याचा आवाज येत होता आणि त्याच्या पलीकडे ती होडी होती. या बाईला कित्येक वर्षं एका गंजलेल्या बटणाने जेवायला लावलं होतं, आणि आम्ही दोन शहाण्यांनी कोल्हापूर-सांगलीहून गाडी करून येऊन ते बटण पुसून ठेवलं होतं.

मी काकांना फोन लावला. दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"खोड परत बसवायची म्हणताय?" काका म्हणाले. "सुनेत्राताई, आपण चुका काढतो. मुद्दाम चूक घालून मशीन द्यायचं, हे आपल्यात आजवर झालेलं नाही. त्यांना समजावून सांगा. सांगा, ही नुसती यादी आहे."

"तुम्ही सांगा. मी फोन देते त्यांच्याकडे."



"कसं करणार आहात?" काकांनी विचारलं.

"बटणाला आडवा छोटा कपॅसिटर टाकतो," इक्बालभाई फोनजवळ वाकून म्हणाले. "वीज आली की तो भरेपर्यंत क्षणभर मशीनला वाटेल, एंटर दाबलंय. पयल्यासारखंच."

"मग लवकर करा," काका म्हणाले. "दिवेलागण झाली इथे."

इक्बालभाईंनी मशीन उघडलं. मी मागीलदारी गेले आणि आत्यांना बोलण्यात गुंतवायला लागले. होडी कुठे केली, तेल कुठलं लावता, माड किती देतो. त्या उत्तरं देत होत्या, पण पाय चालतच होते. तुळशीला दिवा लावला, दुसरा दिवा हातात घेतला आणि त्या आत वळल्या. मी मोठ्याने म्हणाले, "आत्ये आल्या हो!" आतून झाकण बसल्याचा आवाज आला. आत गेले तेव्हा इक्बालभाई भिंतीला टेकून बसले होते, कपाळावर घाम. मी डोळ्यांनीच विचारलं. त्यांनी नजर वळवली. दमले असतील, असं वाटलं.

शेवंतीआत्यांनी दिवा मशीनशेजारी ठेवला. मी सरकवलेला पाट पुन्हा ओढून आपल्या पाटाला लावला. पदर सारखा केला, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून त्या थांबल्या.

टीव्ही गुरगुरला. पडदा काळा. मी श्वास धरून ऐकत होते. आवाज नाही. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. पडदा उजळू लागला, पाषाणाची कड दिसायला लागली, दोन्ही कळ्या दिसल्या. माझा हात आपोआप पुढे झाला. एंटर दाबायचं, काय वाटेल ते होवो, असं मी ठरवलं होतं. शेवंतीआत्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थंड होता, पाय धुतलेल्या पाण्याने असेल.

"थांब गो. विचारता तो."

टक.

उजवी कळी खाली आली. मग दोन्ही कळ्या पुन्हा खांद्यांवर बसल्या. आत्यांनी एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत लिहिलं: मी येव. एंटर दाबलं.

डावी कळी पडली.

"बरा," त्या म्हणाल्या आणि मशीन बंद केलं. मग माझ्याकडे वळून हसल्या. "आज उशीर केल्यान. लोका बगून बुजलो आसतलो. तुमी जेवन जावा आता."

आम्ही जेवलो. सोलकढी, भात आणि माशाची आमटी. त्या आमच्याबरोबर पोटभर जेवल्या. निघताना मी त्यांच्या पाया पडले, जे मी सहसा करत नाही.

गाडी इक्बालभाई चालवत होते. कुडाळच्या फाट्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, शर्टाच्या खिशात हात घातला आणि तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर तो कपॅसिटर होता.

"वेळच मिळाला नाही ओ ताई," ते म्हणाले. "डाक लावायचा कावीया तापायच्या आत तुमी हाक मारली. मी नुसतं झाकण बसवलं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"परत वळवू?" त्यांनी विचारलं.

वळून जायचं आणि काय दुरुस्त करायचं? शेवटी मी काकांना फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं.

"थोडी घाण राहिली असेल बटणात," ते म्हणाले.

"तीनदा पास झालं होतं, काका."

"हो. झालं होतं." मग म्हणाले, "मशीन बरोबर चालतंय, असं मी समजतो. तुम्ही घरी या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मनालीला फोन केला आणि विचारलं, आत्ये जेवली का. जेवली, म्हणाली. तिसऱ्या दिवशीही केला. पुढे महिनाभर रोज दिवेलागणीनंतर माझा हाच फोन. मनालीला मी थोडी वेडी वाटले असणार. आत्ये जेवत होत्या. मग मी फोन कमी केले, मग सणासुदीलाच, आणि वर्षं गेली.

गेल्या पावसाळ्यानंतर मनालीचाच फोन आला.

"आत्ये गेली," ती म्हणाली. "झोपेतच. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसली होती, एकदम खुशीत. म्हणाली, 'आज मधून माकाच पयलो विचारूक दिल्यान. उजवो पडलो.' मला काही कळलं नाही. घरी जाऊन जेवली, भांडी घासून पालथी घातली आणि झोपली."

"होडी?" मी विचारलं.

"होडी काय? आहे तिथेच, माडाला."

मी फोन ठेवला आणि रडले. का रडले ते नवऱ्याला सांगता आलं नाही. म्हातारी शांतपणे गेली होती, तिला जायचं होतं तिथे गेली होती, आणि मला आपली आठवत होती ती पालथी घातलेली बशी.

मशीन मनालीने आमच्याकडे पाठवून दिलं. सोबत, मी न सांगता, दोन्ही पाट. खंडेनवमीला इक्बालभाई कोल्हापूरला माझ्या घरी आले. काकांचं वय झालंय आता, आवाज कापतो, पण नियम तो नियम. आधी इक्बालभाईंनी बटण उचलून आत पाहिलं. गंजाचा कण नव्हता. त्या दिवशी पुसलं होतं तसंच चकचकीत.

"तयार?" काका म्हणाले. "एक, दोन, तीन."

टीव्ही नवा होता, लगेच उजळला, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर झालं. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. इक्बालभाई मशीनपासून चांगले हातभर लांब. टक. उजवी कळी पडली. दोन्ही कळ्या पुन्हा खांद्यांवर बसल्या. मला वाटलं, झालं. मी प्रश्न लिहायला बोट पुढे केलं, तेवढ्यात पुन्हा, टक. डावी पडली.

मग कळ्या बसल्या आणि तशाच थांबल्या, आमची वाट बघत.

"माझ्याकडे पहिल्याला उजवा," काका म्हणाले. "तुमच्याकडे?"

"आमच्याकडे पहिले दोन झाले, काका. आता आमची पाळी."

इक्बालभाईंच्या हातात स्पिरिटची बाटली होती. त्यांनी तिचं झाकण घट्ट फिरवलं आणि ती पिशवीत ठेवून दिली.

"ताई," काका म्हणाले, "पाट दोन्ही मांडलेत ना?"

"मांडलेत."

"मग पास," ते म्हणाले.